सवाष्णीचा ठसा

माझ्या आईचं नाक बाजूने कसं दिसायचं, हे आमच्या घरात एकालाही धड सांगता येत नाही, आणि मी धंद्याने नाकं कोरणारा माणूस आहे. याची लाज वाटावी की चीड यावी, हे गेलं वर्षभर माझं ठरत नव्हतं. बहुतेक वेळा चीडच यायची.

भाईंदर पूर्वेला माझा गाळा आहे. पदकं, बिल्ले, ट्रॉफीवर चिकटवायच्या चकत्या, देवादिकांचे ठसे, असलं सगळं तिथे तयार होतं. पोलादाच्या ठोकळ्यात चित्र उलटं आणि खोल कोरायचं, तोच ठसा. त्यावर पत्रा दाबला की ते सुलटं होऊन वर उठून येतं. हल्ली बरंचसं काम मशीन करतं, पण चेहऱ्यावरचा शेवटचा हात अजून मी भिंग डोळ्याला लावून स्वतःच फिरवतो. मशीनने कोरलेले चेहरे मला मधमाशी चावल्यासारखे सुजलेले वाटतात.

आमच्या घरात माणूस गेलं की वर्षश्राद्ध उरकल्यावर त्याचा टाक देवघरात बसवतात. टाक म्हणजे चांदीचा पातळ पत्रा, साधारण पानाच्या विड्याएवढा, त्यावर उठवलेली आकृती. सराफाकडे हे तयारच मिळतात. पुरुष असेल तर घोड्यावरचा वीर, नवरा मागे ठेवून गेलेली बाई असेल तर सवाष्ण. माझे आजोबा आयुष्यभर गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवत होते, घोडा त्यांनी पाहिला असेल तर चौपाटीवर, तोही लांबून. पण आमच्या देवघरात ते हातात तलवार घेऊन घोड्यावर बसलेत. रोज त्यांना गंध लागतं आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

मागच्या वर्षी आई गेली. बाबा आहेत, म्हणजे तिचा टाक सवाष्णीचा. तेराव्यालाच मी दादाला सांगून टाकलं, आईचा टाक बाजारातून आणायचा नाही. तो मी करणार, आणि त्यावर तोंड आईचं असेल. दादा म्हणाला, "कर ना. तुझ्याशिवाय कोण करणार?" माझ्या हातात पुरतं एक वर्ष होतं.

हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते एका जाडजूड पुस्तकामुळे. शिकत असताना रद्दीवाल्याकडून उचललेलं, कडा वाळवीने खाल्लेलं. इटलीतल्या पाच-सहाशे वर्षांपूर्वीच्या पदकांचं. तिथले सरदार, सावकार, त्यांच्या बायका, लेकी स्वतःचा चेहरा काशाच्या चकतीवर ओतून घ्यायचे. आधी मेणात घडवायचं, मग साचा, मग धातू. एका अंगाला चेहरा आणि भोवती नाव, दुसऱ्या अंगाला काहीतरी निशाणी, कोणाचा हत्ती, कोणाचा किल्ला, कोणाचं फुललेलं झाड. ही पदकं ते मित्रांना द्यायचे, पाहुण्यांना द्यायचे. काहींनी तर नवं बांधकाम निघालं की भिंतीत पुरून ठेवली. उद्या सगळं कोसळलं तरी उकरणाऱ्याला कळावं, इथे कोण राहत होतं.

आणि जवळजवळ सगळे चेहरे बाजूने. कपाळापासून हनुवटीपर्यंत एकच रेघ, पण ती रेघ दुसऱ्या कोणाचीही असू शकत नाही. कोणाचं नाक मोडलेलं, कोणाच्या गळ्याखाली लोंबणारी कातडी, सगळं जसंच्या तसं. त्यातल्या बायका मान ताठ ठेवून, केस वर बांधून बसलेल्या. कोणातरी मालदार माणसाची बायको म्हणून तिचं तोंड राहिलं. तिला रांधून घालणारीचं राहिलं नाही. हे पुस्तक मी तीस वर्षं चाळतोय आणि दर वेळी त्या बायकांकडे बघून मला आधी कौतुक वाटतं आणि मग राग येतो.

अशी पदकं आपल्याकडे कोणी करून घेत नाही असं नाही. मागच्याच हिवाळ्यात भाईंदरजवळच्या डोंगरी गावाहून दोघे भाऊ गाळ्यावर आले. जुने जमीनदार, एके काळी मिठागरं आणि भातशेती, आता गाड्या, हॉल, बरंच काही. वडिलांना पंचाहत्तर पूर्ण होणार होती, आलेल्या प्रत्येक पाहुण्याला वडिलांचा चेहरा असलेलं पदक द्यायचं होतं. मी हरखूनच गेलो. पुस्तकातलं गिऱ्हाईक चालत आलं होतं. मी मेणात वडिलांचा बाजूचा चेहरा घडवला, काय सुंदर गरुडासारखं नाक होतं त्यांचं! थोरल्याने तो हातात घेतला, उलटा केला, परत सुलटा केला.

"दुसरा डोळा कुठं हाय?" तो म्हणाला.

मी म्हटलं, "बाजूने काढलाय. बाजूने एकच दिसणार."

"आमचा बाप काय काणा न्हाय," धाकटा म्हणाला. "दोन डोळं पायजेत. आन् मागं आमचा बंगला टाका."

मी पुस्तक काढून दाखवलं, राजे दाखवले, राण्या दाखवल्या. थोरला शांतपणे म्हणाला, "ते त्यांचं. आमच्यात लोकं इचारतील." शेवटी समोरून चेहरा केला, दोन डोळे, मिशी, मागे बंगला, बंगल्यापुढे गाडीसुद्धा. मशीनने केलं. सगळे खूश. त्यांच्याकडे वडिलांचे बाजूचे मात्र वीसेक फोटो होते. बॅनरवर लावायला काढलेले, हात जोडलेला, हात उंचावलेला, दूर कुठेतरी बघणारा. मी ते परत पाकिटात घालून दिले तेव्हा माझ्याकडे आईचा तसला एकही नव्हता.

खरंच एकही नव्हता. आमच्या घरात फोटो काढताना पहिलं वाक्य "समोर बघ" हेच. आई समोर बघायची. लग्नात समोर, सत्यनारायणाला समोर, रेशनकार्डावर समोर, आधारकार्डावर तर अशी समोर की पोलिसांनी बोलावल्यासारखी. मी आम्हा तिन्ही भावंडांच्या घरांतले अल्बम उपसले. नातेवाइकांना फोन केले. "आईचा साइडने काढलेला एखादा फोटो आहे का?" असं विचारल्यावर लोक म्हणायचे, "का रे, सगळं ठीक आहे ना?"

ताईच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये मिळाली. ताई माझ्याहून मोठी, मीरा रोडला सिल्व्हर पार्कात राहते. तिने ती कॅसेट मोबाइलमध्ये भरून घेतली होती. अक्षतांच्या वेळी आई मान वळवून कोणाला तरी काहीतरी सांगते. बरोबर एका बाजूचा चेहरा! मी ओरडलो, "थांबव!" ताईने थांबवलं. आणि नेमकं तिथेच त्या शूटिंगवाल्याने बदाम टाकला होता. लाल बदाम गरगरत येतो, मोठा होतो आणि त्याच्या पोटातून नवरानवरी निघतात. आईच्या भुवईपासून खाली सगळं त्या बदामाने गिळलं होतं. आम्ही तो तुकडा इतक्या वेळा मागेपुढे केला की शेवटी ताई रडायला लागली आणि मी बदामाला शिव्या घालत चहा टाकायला उठलो.

मग ताई म्हणाली, "माझाच चेहरा घे ना. सगळे म्हणतात मी आईसारखी दिसते." बसवली तिला खिडकीपाशी. कपाळ आईचं असावं, असेल. पण हनुवटी स्वच्छ बाबांची. दादाला विचारलं, आईचं नाक कसं होतं. तो म्हणाला, "सरळ." ताई म्हणाली, "छे, किंचित बाकदार." बाबांना विचारलं. पंचावन्न वर्षं संसार केलेला माणूस. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "नाक होतं रे. नाकासारखं नाक."

दादाने आणखी एक उपाय सुचवला. "एआयमध्ये टाक की. समोरचा फोटो दिला तर साइडचा करून देतो." दिला. दोन मिनिटांत आलं. एक गोरीपान बाई, मान लांबसडक, गालावर तेज, कुठल्याशा साबणाच्या जाहिरातीतली. दादाला आवडलं. म्हणाला, "बघ, किती छान दिसतेय आई." मी त्याच्यावर इतका भडकलो की आठवडाभर आम्ही बोललो नाही.

खरी चीड मात्र माझी माझ्यावरच होती. सुरुवातीला माझ्याकडे गाळा नव्हता. भाईंदरच्या त्याच फ्लॅटमध्ये, जिथे आता दादा आणि बाबा राहतात, स्वयंपाकघराच्या खिडकीशी पाट टाकून मी ठसे कोरायचो. आई माझ्या डाव्या हाताला बसून तांदूळ निवडायची, लसूण सोलायची, कपड्यांची बटणं लावायची. दोन हातांवर. खिडकीचा उजेड थेट तिच्या तोंडावर, बाजूने. त्या पुस्तकातल्या कारागिरांनी जीव टाकला असता असा उजेड. तशी ती पाच वर्षं माझ्या शेजारी बसली, आणि पाचही वर्षं माझा डोळा भिंगात होता.

मी मेणात अकरा वेळा सुरुवात केली. प्रत्येक वेळी कपाळ यायचं, भुवईपर्यंत यायचं, आणि नाकाशी हात थांबायचा. अंदाजाने पुढे नेलं की कोणीतरी दुसरीच बाई तयार व्हायची. एकदा तर हुबेहूब आमच्या शेजारीणबाई झाल्या. मी मेण परत गोळा करून डब्यात टाकायचो.

वर्षश्राद्ध चार दिवसांवर आलं तेव्हा दादाचा फोन आला. "झालं का?" मी म्हटलं, "होतंय." तो फक्त "बरं" म्हणाला. दादा तसा शहाणा आहे. त्याला कळलं आणि त्याने पुढे काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी दादाकडे गेलो तर बाबांसमोर टेबलावर लाल कागदात गुंडाळलेला तयार टाक होता. नेहमीच्या चांदीवाल्याकडून आणलेला.

"तुझा झाला की बदलू," दादा म्हणाला. "आत्ता वेळेला हाताशी असावा म्हणून आणला."

मी तणतणलो. "कोणाचं तरी तोंड आणून ठेवतोस? ही आई आहे? एका ठशातून हजार बायका काढतात हे लोक, नथ घातली की झाली सवाष्ण! कुठल्या हमालाने कोरलंय हे?" असं बोलत बोलतच मी कागद उलगडला.

डाव्या कानाच्या कुडीखाली एक बारीक ओरखडा वर उठून आला होता. तिरका, जवाच्या कुसळाएवढा.

तो ओरखडा मी ओळखला. ठसा माझाच होता.

वीसेक वर्षं झाली असतील त्याला. त्या चांदीवाल्याला सवाष्णीचा ठसा हवा होता, मी तीन दिवसांत उरकून दिला होता आणि विसरून गेलो होतो. माझ्या हातून असे किती ठसे गेले, कोण लक्षात ठेवतं. पण तो ओरखडा कसा पडला हे मला तिथे उभ्या उभ्या आठवलं. दुपार होती. मी कान कोरत होतो आणि ठोकळ्यावर अचानक सावली पडली. आई हातातलं सूप बाजूला ठेवून बघायला वाकली होती.

"कोणाचं रे तोंड हे?"

"कोणाचं नाही गं. सवाष्णीचं आहे."

"सवाष्ण म्हणजे कोणीतरी असेलच ना?"

"आई, उजेड सोड!" मी खेकसलो, मान वळवली, आणि छिन्नी निसटली.

ती सरकली. पुन्हा सूप मांडीवर घेतलं. थोड्या वेळाने तिथूनच म्हणाली, "तिला हनुवटी दे रे जरा. फारच दबलेली वाटते बिचारी." मी "हं" म्हटलं. दिली नाही. हनुवटी वर आणायची तर ठसा आणखी खोल कोरायला लागतो, अर्धा दिवस जातो, आणि मला दुसरं काम होतं.

टाक हातात घेऊन मी बघत होतो. गोल तोंड, नथ, मोठं कुंकू, आणि ओठांखाली सरळ गळाच. दादा विचारत होता, "काय झालं?" तो हमाल मीच हे त्याला सांगायला तोंड नव्हतं.

तिथून मी तडक चांदीवाल्याकडे गेलो. म्हातारा शेठ वारला होता, आता मुलगा गादीवर बसतो. मी सांगितलं, तो सवाष्णीचा ठसा माझ्या हातचा आहे, मला फक्त एक दिवस द्या, हनुवटी नीट करतो, एक पैसा नको.

तो हसला. "अरे भाई, अब क्यों? चालू माल है. बीस साल में एक भी कंप्लेन नहीं आया."

"माझी आहे ना कंप्लेन," मी म्हटलं. "माझी आई आहे त्याच्यात."

तो हसायचा थांबला. हात जोडून म्हणाला, "माताजी का सुना, बहुत बुरा हुआ. लेकिन ठसा बिगड़ गया तो मेरा सीझन जाएगा." त्याचंही काही चुकलं नव्हतं. पितृपक्ष तोंडावर होता, काउंटरवर चार माणसं उभी होती, आणि शोकेसमध्ये माझी सवाष्ण ओळीने मांडून ठेवली होती. दहा-बारा तरी असतील. सगळ्यांच्या कानाखाली ओरखडा. मी किती घरांच्या देवघरांत हे कोणाचंच नसलेलं तोंड नेऊन बसवलंय, हे मोजायचं धाडस मला झालं नाही.

वर्षश्राद्ध पार पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टाक बसवायचा होता, गुरुजी दहाला येणार होते. मी नऊच्या आधी पोचलो. खिशात मेणाचा तो डबा, छोटी हातोडी आणि एक गोल, बोथट टोकाची ठोकणी होती. ताई आली होती, वहिनी नैवेद्याचं बघत होती. दादाने तोवर सगळ्यांना सांगून टाकलं होतं, चांदीवाल्याच्या मुलाकडून त्याला कळलं असावं. ताई माझा हात धरून म्हणाली, "तुझ्याच हातचा आहे म्हणे टाक! बघ, शेवटी आईला तुझ्याच हातचं मिळालं." वहिनीने डोळे पुसले. मला तिथून पळून जावंसं वाटलं. सांगू का यांना, की तिने विचारल्यावर मी तिला काय उत्तर दिलं होतं?

मी टाक उचलला आणि स्वयंपाकघरात खिडकीशी खाली बसलो. पाट आता नाही तिथे, वॉशिंग मशीन आहे. त्याच्या बाजूच्या फरशीवर मी मेण थापलं आणि टाक त्यावर पालथा घातला. टाक मागून पोकळ असतो. पत्रा पातळ, जास्त जोर लागला तर फाटणार, आणि फाटला तर तासाभरात दुसरा मिळणार, तोही तसाच. मागून तो चेहरा खळगा दिसत होता, नाक म्हणजे खड्डा, ओठ म्हणजे चर. उलटं बघण्यात माझं आयुष्य गेलंय. ओठांच्या चराखाली जिथे सपाट होतं तिथे मी ठोकणी टेकवली.

आई बाजूने कशी दिसायची ते मला आताही आठवत नव्हतं. तिला काय हवं होतं तेवढं आठवत होतं.

"काय करतोयस?" बाबा आत आले. "गुरुजी येतील आता."

"हनुवटी देतोय."

"कोणाला?"

"आईला," मी म्हटलं.

बाबांना ऐकू आलं की नाही कोण जाणे. ते जवळ आले, आणि माझं काम नीट दिसावं म्हणून खिडकीत, माझ्या डाव्या हाताला वाकून उभे राहिले. पत्र्यावर अंधार झाला. ठोकणीचं टोक दिसेना. आईवर खेकसलो होतो तोच शब्द अगदी ओठांवर आला होता.

मी तो गिळला. डोळे मिटले, अंगठ्याने ती जागा चाचपली आणि बाबांच्या सावलीतच पहिला ठोका मारला.